निजण्याआधीची भाकरी

रात्री साडेनऊच्या सुमारास, गावातल्या बहुतेक घरांतले दिवे मालवलेले असतात तेव्हा, आमच्या घरी पुन्हा एकदा तवा तापतो. जेवणं साडेसातलाच उरकलेली असतात. भांडी घासून पालथी घातलेली असतात. तरी मी एक भाकरी टाकते, कपभर दूध गरम करते आणि ह्यांच्या हातात देते. पाहुण्याला वाटतं, म्हातारपणी नवऱ्याचे लाड चाललेत. लाड नव्हेत. ही भाकरी आमच्या घरातलं औषध आहे, आणि हे औषध मला फार उशिरा कळलं.

मागच्या महिन्यात वरच्या वस्तीवरची एक बाई माझ्याकडे आली होती. तिच्या नवऱ्याला यकृताचा आजार झालाय, आणि साखरही वाढलीय. मोठ्या समाधानानं ती म्हणाली, "काकू, मी त्यांचं रातचं जेवणच बंद केलंय. म्हणजे साखर बी उतरंल आन् काळजाला बी इसावा मिळंल." ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कारण सहा वर्षांपूर्वी मीही अगदी हेच केलं होतं, आणि त्यापायी कुंकवाला मुकायची वेळ आली होती. तिला बसवून घेऊन सगळं सांगितलं. मग वाटलं, अशा आणखी कितीतरी घरी हेच चाललं असेल. म्हणून हे लिहायला बसले. मी सातवी शिकलेली बाई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, माझ्या पोरानं पुन्हा समजावलं, ते माझ्या भाषेत सांगते.

माळकऱ्याला हा आजार कसा?

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, बार्शीच्या बाजूचं. काळं रान, खरिपाला सोयाबीन आणि तूर, रब्बीला शाळू. घर माळकरी. ह्यांच्या गळ्यात दहाव्या वर्षी माळ पडली, तेव्हापासून तंबाखूसुद्धा कधी शिवली नाही.

२०१८च्या दिवाळीनंतर हे थकल्यासारखे दिसू लागले. तालुक्याला रक्त तपासलं तर साखर वाढलेली निघाली. गोळी सुरू झाली. २०१९च्या वैशाखात पाय सुजले आणि पोट नगाऱ्यासारखं तटतटलं. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात सोनोग्राफी झाली. यकृताचा सिरोसिस आहे आणि पोटात पाणी साठलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आमच्याकडे सिरोसिस म्हटलं की तो दारू पिणाऱ्याचाच आजार. पारावर कुजबुज सुरू झाली. वर माळ आणि आत बाटली, असं कोणीसं बोललं. ते सासूबाईंच्या कानावर गेलं. ऐंशीच्या पुढची बाई, दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

रुग्णालयात रक्ताची पुढची तपासणी झाली तेव्हा कारण कळलं. हिपॅटायटिस सी नावाचा विषाणू ह्यांच्या रक्तात होता. डॉक्टरांनी विचारलं, "ह्यांना पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का?" चढवलं होतं. १९८६ साली मळणीयंत्राच्या पट्ट्यात ह्यांचा पाय सापडला, तेव्हा दोन बाटल्या रक्त दिलं होतं. त्याच रक्तातून विषाणू आला, असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही, पण शक्यता तीच मोठी. आणि दोष तरी कोणाला द्यायचा? हा विषाणू ओळखला गेला तोच मुळी १९८९ साली. त्याआधी रक्तात तो आहे की नाही, हे कोणालाच तपासता येत नव्हतं. तेहतीस वर्षं तो मुकाट्यानं यकृत पोखरत राहिला.

सिरोसिस म्हणजे काय, ते आधी सांगते. उजव्या बरगडीखाली यकृत असतं. ते मऊ असतं. त्याला पुन्हा पुन्हा इजा झाली की जखम भरते, पण त्या जागी निबर वण उरतो. वर्षानुवर्षं असे वण साठले की यकृत गाठीगाठींचं आणि कडक होतं. चांगल्या काळ्या रानात चोपणाचे पट्टे पडावेत आणि पाणी मुरायचं बंद व्हावं, तसं. दारूनं हे होतं हे खरंच. पण हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंनी होतं, आणि लठ्ठपणा नि मधुमेह असलेल्या माणसाच्या यकृतात चरबी साठून साठूनही होतं. तेव्हा कोणाला हा आजार झाला की लगेच त्याच्या पेल्यात डोकावू नये. आणि दारूनं झाला असला तरी त्या माणसाची भूक काही वेगळी नसते.

माझी चूक

आता एका घरात दोन दुखणी झाली, साखर आणि यकृत. भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक सल्ला देऊन जायचा. कोणी म्हणे, साखर आहे तर भात-भाकरी कमी करा. कोणी म्हणे, डाळ आणि दूध यकृताला जड, ते बंद करा. कोणी म्हणे, रात्रीचं लंघन सगळ्यात उत्तम. मी सगळ्यांचं ऐकलं. संध्याकाळी सहा वाजता अर्धी भाकरी आणि दोडक्याची पातळ भाजी, बस. मग दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. म्हणजे चौदा तास पोट रिकामं. आणि मला वाटायचं, मी किती पथ्यानं सांभाळते!

दोन-तीन महिन्यांत ह्यांचे दंड काटकुळे झाले. गालफडं बसली. दंडात बांधलेला काळा दोरा कोपरापर्यंत घसरायचा. ज्या मुठीनं हे दोन गायींची धार काढायचे, त्या मुठीत आचळ धरवेना. पायात रात्री पेटके यायचे. काट्यावर मात्र वजन फारसं उतरलेलं दिसत नव्हतं, कारण मांस झडत होतं ते पोटातलं पाणी भरून काढत होतं. काट्यानं मला फसवलं.

त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला. काढणीला आलेलं सोयाबीन शेतातच कुजलं. घरात सगळ्यांचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. ८ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी आली. हे एकादशीला निरंकार करायचे, पाण्याच्या घोटाशिवाय काही नाही. मी एकदा म्हटलं, "ह्या वेळी राहू द्या." हे म्हणाले, "आता तर जास्तच करायला पाहिजे." मी गप्प बसले. आणि साखरेची गोळी मात्र सकाळ-संध्याकाळ वेळेवर दिली. पोटात अन्नाचा कण नाही आणि साखर उतरवायची गोळी चालू! आज लिहितानाही हात थरथरतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे देवळात काकड्याची घंटा झाली. हे एरवी घंटेच्या आधी उठून बसायचे. उठले नाहीत. मी हात लावला तर अंग घामानं चिंब आणि गार. डोळे अर्धवट उघडे, तोंडातल्या तोंडात काहीतरी बरळत होते, मला ओळखेनात. शेजारचे धावून आले. एक जण म्हणाला, "यकृताचं विष डोक्यात चढलं." एकानं तोंडात पाणी ओतायला तांब्या उचलला. माझ्या पोरानं त्याचा हात धरला, "गिळताच येत नाही त्यांना, ठसका लागून श्वास अडकंल." पुढं डॉक्टरांनीही सांगितलं की पोराचं बरोबर होतं.

जीप करून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं बोटाला टोचून यंत्रावर रक्त घेतलं. साखर होती ३८. सत्तरच्या खाली गेली तरी कमी धरतात. शिरेतून ग्लुकोज सोडलं आणि काही मिनिटांत ह्यांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न विचारला, "काकडा झाला का?" मी पदर तोंडाला लावून बाहेर गेले.

यकृत म्हणजे घरातलं पेव

तिथून पुन्हा जिल्ह्याच्या रुग्णालयात आठ दिवस राहिलो. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावायची हातोटी दांडगी. मी विचारलं, "बाई, साखर वाढते म्हणून गोळी देतो, आणि हा माणूस साखर उतरल्यामुळं मरायला टेकला. हे काय गौडबंगाल?"

त्यांनी केसपेपरच्या मागं चित्र काढलं आणि म्हणाल्या, "मावशी, तुमच्या भागात पूर्वी पेवं असायची ना?" असायची. जमिनीत खोल खणून, आतून लिंपून, त्यात ज्वारी साठवायची. सुगीला भरायची, आणि अडचणीला उघडायची. बाई म्हणाल्या, यकृत म्हणजे शरीराचं पेव. आपण जेवतो तेव्हा अन्नातली साखर रक्तात येते. त्यातली बरीचशी यकृत आपल्याकडे साठवून घेतं. धडधाकट माणसाच्या यकृतात जेवणानंतर अशी साधारण शंभर ग्रॅम साखर साठलेली असते. रात्री आपण झोपतो, पण मेंदू झोपत नाही. त्याला दिवसरात्रीत मिळून १२० ग्रॅमच्या आसपास साखर लागते. ती यकृत रात्रभर थोडी थोडी सोडत राहतं. क्लोद बेर्नार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं हे प्रयोगानं दाखवलं. यकृतातला हा साखरेचा साठा त्यानं १८५७ साली वेगळा काढला.

सिरोसिसमध्ये ह्या पेवात चोपण झालेलं असतं. साठवायला जागाच उरत नाही. संध्याकाळचं जेवण पचलं की थोड्या वेळात साठा खलास. मग रात्री मेंदूला साखर आणायची कुठून? शरीर स्वतःचं मांस मोडायला काढतं. दंडाचं, मांड्यांचं मांस वितळवून त्याची साखर बनवतं. बाई म्हणाल्या, "धडधाकट माणसानं दोन-तीन दिवस कडक उपास केला तर त्याच्या शरीराचं जे होतं, ते ह्या रुग्णाचं एका रात्रीत होतं." म्हणजे मी ह्यांना रोज रात्री दोन-तीन दिवसांचा उपास घडवत होते. बियाण्याची ज्वारी दळून खावी, तसं त्यांचं शरीर स्वतःलाच खात होतं.

मग दिवसा साखर वाढते कशी? त्याचंही कारण यकृतच. जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्सुलिन निघतं आणि आतड्याकडून येणाऱ्या शिरेतून ते आधी यकृतात जातं. अन्नातली साखरही त्याच वाटेनं येते. निरोगी यकृत साखर उचलून ठेवतं आणि निम्मंअर्धं इन्सुलिनही तिथंच खर्ची पडतं. यकृत कडक झालं की रक्ताला त्यातून वाट मिळत नाही. बांध तुंबला की पाणी बाजूनं फुटतं, तसं रक्त यकृताला वळसा घालून जातं. साखर साठवली न जाता थेट सगळ्या अंगात पसरते, म्हणून जेवणानंतर आकडा वाढतो. इन्सुलिनही अंगात भरमसाट फिरत राहतं, पण सतत कानाशी ओरडणाऱ्याकडं माणूस लक्ष देईनासा होतो, तसं शरीर त्याला दाद देत नाही. ह्यांच्या अंगातला विषाणूही ह्या बहिरेपणात भर घालत होता.

सारांश, जेवल्यावर पूर आणि रात्री दुष्काळ. पेव फुटलेल्या घराचं दुसरं काय होणार?

निरोपावर निरोप

माझी आणखी एक शंका होती. "बाई, हे माणूस असं सुकत का चाललंय? चार घास तर पोटात जात होतेच की." तेव्हा त्यांनी वाढीच्या संप्रेरकाची गोष्ट सांगितली. ती मला सगळ्यांत नवलाची वाटली.

मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पीयूषिका म्हणतात. तिच्यातून वाढीचं संप्रेरक निघतं. संप्रेरक म्हणजे रक्तातून जाणारा निरोप म्हणा. लहानपणी ह्याच निरोपानं उंची वाढते. मोठेपणी उंची थांबते, पण निरोप थांबत नाही. मांस टिकवणं, हाडं मजबूत ठेवणं, चरबी आणि साखरेचा हिशोब राखणं, ही कामं चालूच असतात. पण हा निरोप बराचसा यकृतामार्फत काम करतो. निरोप पोचला की यकृत एक दुसरा पदार्थ तयार करतं. त्याची घडण इन्सुलिनसारखी असते आणि मांस-हाडांच्या वाढीला तोच उपयोगी पडतो. वाढीचं संप्रेरक एकटं काम करत नाही, मध्ये असा दलाल असतो, हे अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १९५७ साली दाखवलं. रक्तात फिरणारा हा पदार्थ बहुतेक यकृतातूनच आलेला असतो.

सिरोसिसमध्ये निरोप येतो, पण काम करणारं यकृतच आजारी. पदार्थ पुरेसा बनत नाही. पीयूषिकेला वाटतं, निरोप पोचलाच नाही. ती आणखी निरोप धाडते. मळ्यातला मालक घरी निरोपावर निरोप धाडतोय आणि घरची माणसं तापानं फणफणलेली, अशी गत. रक्त तपासलं तर वाढीचं संप्रेरक जास्त, आणि माणूस मात्र झडत चाललेला!

बरं, हे वाढलेले निरोप नुसते वाया जात नाहीत, तर त्रासही देतात. वाढीचं संप्रेरक इन्सुलिनच्या उलट ओढणारं आहे. ते वाढलं की इन्सुलिनचं काम अडतं आणि साखर आणखी चढते. पीयूषिका आणि साखर यांचं हे नातं अर्जेंटिनातल्या बेर्नार्दो उसाय यांनी शोधून काढलं. त्याबद्दल त्यांना १९४७ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे यकृत बिघडल्यानं मांसाची बांधणी थांबते, आणि त्याच बिघाडानं साखर वाढते. आम्ही दोन दुखणी समजत होतो, पण मूळ बरंचसं एकच होतं.

मी भोळेपणानं विचारलं, "मग त्या संप्रेरकाचं इंजेक्शन देता येणार नाही का?" बाई हसल्या. "निरोपांची कमतरता कुठं आहे मावशी? काम करणारा थकलाय. त्यावर अभ्यास चालू आहेत, पण आज तो नेहमीचा उपचार नाही. ताकदीच्या महागड्या पावडरींच्याही मागं लागू नका. तुमच्या हातात आहे ते करा. ह्यांना उपाशी ठेवू नका."

मुलांच्या बाबतीत तर हे फार मोलाचं आहे, असंही त्या म्हणाल्या. ज्या लहान मुलाचं यकृत दीर्घकाळ बिघडलेलं असतं, त्याची उंची आणि वजन ह्याच कारणानं मागं पडतं. बाळाची कावीळ जन्मानंतर दोन आठवडे उलटले तरी उतरत नसेल आणि शी पांढुरकी होत असेल, तर उतारा-गंडादोरा करत न बसता त्याला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावं. पित्ताची वाट बंद असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झालेली बरी. तिथं दिवस मोजून असतात.

आमच्या घरात बदललं ते

डॉक्टरांनी ती गोळी बंद केली. ती स्वादुपिंडाला चाबूक मारणारी गोळी होती. पोटात अन्न असो नसो, इन्सुलिन काढायला लावायची. आणि आजारी यकृत औषधाचा निचराही लवकर करत नाही, त्यामुळं तिचा अंमल लांबतो. तिच्याऐवजी जेवणाआधी थोडं इन्सुलिन सुरू झालं. पोरानं बोटाला टोचून साखर बघायचं यंत्र आणलं. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी ह्या आजारात फसवू शकते, असंही कळलं. प्लीहा वाढलेली असते, तांबड्या पेशी लवकर मरतात, आणि आकडा आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

जेवणाची घडी सगळी नव्यानं बसवली. सकाळी उठल्याबरोबर काहीतरी पोटात. मग दर तीन-चार तासांनी थोडं थोडं. आणि निजण्याआधी हे रात्रीचं ताट. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रात्रीच्या खाण्यात पिठूळ भाग पन्नास ग्रॅमच्या आसपास असावा. आमच्या हिशोबानं एक मध्यम भाकरी, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम पीठ, आणि कपभर दूध, की तेवढं भरतं. कधी लाह्यांचं पीठ दुधात, कधी गव्हाच्या भरड्याची खीर, साखर न घालता.

डाळ-दूध जड असतं ही समजूतही डॉक्टरीणबाईंनी मोडून काढली. पूर्वी तसं सांगत असत, पण आता उलट सांगतात. किलोमागं १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. पाणी वजा जाता ह्यांचं वजन ४५ किलो, म्हणजे ५४ ते ६७ ग्रॅम. हा हिशोब आम्ही घरच्याच जिनसांत बसवला. अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही, त्यातून साधारण १६ ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण किंवा मटकी-हरभऱ्याची उसळ, चौदाएक ग्रॅम. तीन भाकरींतून वीसएक. मूठभर शेंगदाणे, सातएक. झालं की! अंडी-मटण न खाणाऱ्या माळकऱ्याचंही भागतं. विकतचं काही लागलं नाही.

बंद झालं ते मीठ. पापड, लोणचं, खारवलेल्या मिरच्या, सगळं कपाटात गेलं, कारण मिठानं पोटात पाणी साठतं. अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेणं बंद. आणि काविळीच्या म्हणून कोणी झाडपाला आणून दिला तर हात जोडून परत. आजारी यकृताला कोणतं मूळ सोसेल आणि कोणतं बाधेल, कोण सांगणार?

राहिली एकादशी. हे ऐकायला तयार नव्हते. म्हणाले, "पन्नास वर्षांचा नेम मोडू?" मी काय बोलणार? मग सासूबाई पुढं झाल्या. त्यांचाही निरंकारच असायचा. पुढच्या एकादशीला त्यांनी स्वतः दोन ताटल्या केल्या. राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, दाण्याची आमटी, दूध. एक ताटली मुलापुढं ठेवली आणि दुसरी घेऊन त्याच्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "लेका, फराळ बी एकादशीलाच केलाय देवानं. तू खाल्लास तर मी खाईन. तू उपाशी तर मी बी उपाशी." ह्यांनी आईकडं पाहिलं आणि घास उचलला. त्या दिवसापासून आमच्या घरात निरंकार नाही. निजण्याआधीचं ताट एकादशीलाही असतं, फक्त भाकरी राजगिऱ्याची. सासूबाई २०२२मध्ये गेल्या. शेवटपर्यंत दर एकादशीला त्या मुलासमोर ताटली घेऊन बसत होत्या.

विषाणूवरच्या गोळ्याही झाल्या. राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला आहे. त्यातून सरकारी रुग्णालयात हिपॅटायटिस सीची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. काही महिन्यांत विषाणू रक्तातून गेला. पण यकृतावर पडलेले वण राहिले आहेत. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला जावंच लागतं, कारण अशा यकृतात गाठ होण्याची भीती असते. ज्यांना पूर्वी कधी रक्त चढवलंय, विशेषतः नव्वद सालाच्या आगेमागे, त्यांनी एकदा ही तपासणी करून घ्यावी. हिपॅटायटिस बीला तर लस आहे. ती बाळाला जन्मल्याबरोबर मिळते. तिला नको म्हणू नका.

आज सहा वर्षं झाली. हे पूर्ण बरे झाले, असं मी म्हणणार नाही. पोटातलं पाणी कधीमधी डोकं वर काढतं. लांब चालवत नाही. साखर अजून बघावीच लागते. पण दंडातला काळा दोरा आता जागच्या जागी बसतो. आणि दोन वर्षं झाली, सकाळची एका गायीची धार हेच काढतात. दुसरीची मी काढते. चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज ऐकला की मला कळतं, आज मुठीत जोर किती आहे.

वरच्या वस्तीवरच्या त्या बाईला मी एवढंच सांगितलं. नवऱ्याची दारू सुटली पाहिजे, त्याशिवाय यकृताला उसंत नाही. पण त्याला शिक्षा म्हणून किंवा पथ्य म्हणून रात्री उपाशी निजवू नकोस. किती द्यायचं, साखरेचं औषध किती, ते तुझ्या डॉक्टरांना विचार. प्रत्येकाचं मान निराळं असतं. आणि पहाटे माणूस घामाघूम होऊन बरळायला लागला, तर विष चढलं म्हणून बसून राहू नकोस. आधी बोट टोचून साखर बघ. शुद्धीत असेल, गिळत असेल, तर साखरपाणी दे. गिळत नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठ.

परवा ती बाजारात भेटली. म्हणाली, "काकू, आता आमच्यात बी रातचा तवा तापतो."